उधारीची वही

फाट्यावर, माह्या ठेल्यासमोर
सर्व्हेवाली पोरगी उभी राह्यली.
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब,
पाठीवरच्या बॅगीत बीपीचं मशीन.
नाव सांगतलं, रोशनी गेडाम, सावलीकडची.
"काका, गावातले दीडशे घरं झाले,
जो तो म्हणते दोन. दिवसाचे दोन खर्रे, लय झाले तं तीन.
आन बीपी तं एकशे साठच्या खाली उतरत नाई."

मी हासलो नाई.
हासलो का डाव्या अंगाले, जाळी टाकली तिथं,
काहीतरी कुरकुरते.
डॉक्टर म्हणते, तिथं काही वाटत नसते जी.
मले वाटते.

गल्ल्याखालून वही काढली.
लाल पुठ्ठा, कोपरे चुन्यानं पांढरे,
पानापानात सुपारीचा भुसा.
"हे पाय. तुह्या टॅबात लोक काही लिहून देतीन.
उधारीत खोटं चालत नाई,
मीच चालू देत नाई."

देवाजी कोवे, सोमवार, आठ.
बाबूलाल ट्रॅक्टरवाला अकरा, चिखलणीत पंधरा.
गुरुजी सहा, पोराच्या हातून मागवलेले.
शेवंताबाई चार,
रोवण्याले जातानी पदराच्या गाठीत,
भूक लागत नाई म्हणे त्यानं दुपारपर्यंत.

पोरगी फोटो काढत गेली,
एका पानावर थांबली.
"ह्या रेघा कायच्या?"
एक रेघ म्हंजे पैसे फिटले.
"आन ह्या दोन?"
दोन म्हंजे मानूसच फिटला.

तिनं मागं मागं पानं पलटवले. सात निघाले.
एकाचं वय अडतीस.
बांधीतून वर आला छाती चोळत,
म्हणे गॅस झाला, थंडा सोडा दे.
बाटली म्या फोडून देल्ली.
पाच रुपये लिहिले त्याच्या नावावर.
ते अजून तसेच हायेत, दोन रेघांखाली.

मले झालं तवा म्याही सोडाच पेलो.
घामानं बंडी वली, डावा हात जड,
तरी हातातले चार खर्रे घोटून देल्ले,
गिऱ्हाईक खोळंबलं होतं.
नागपुरात डॉक्टरनं पुसलं, दुखायले लागून किती वेळ झाला?
म्या सांगतलं, चार खर्रे.
तो माह्याकडे पाहतच राह्यला.

मंग त्या एकोच्या अंधाऱ्या खोलीत
मशीनीतून माहा जीव ऐकू आला.
खर्र, खर्र, खर्र,
खिळ्याच्या पाटीवर पन्नी घासावी तसा.
आवाज वळखीचा होता.
वीस वर्सं म्याच तं काढला तो.
गालात ठेवाची सवय होती,
आता गोळी जिभेखाली.

"आन तुमचं पान कोनतं, काका?"

आपल्याच नावावर उधारी कोन लिहिते?
बोटं मोजाले लागलो. सकाळी ठेला उघडतानी एक,
चव पाहाले एक, बस आली का एक...
"चौदा," मागून गीरजा बोलली.
केळ्याचे घड टांगून राह्यली होती,
मान वर नाई केली.
"दिवाळीत सतरा. दवाखान्यातून आल्यावर
आठ दिवस काही नाई. मंग दोन,
माह्या चोरून."

तिनं कुठी लिहून ठेवलं होतं, कोन जाने.

रोशनीनं टॅबात काय भरलं ते म्या पाह्यलं नाई.
"बसा," म्हणे, "बाही वर करा."
पट्टा दंडाले आवळत गेला.
तेवढ्यात बाबूलालनं रस्त्यातच ट्रॅक्टर थांबवला,
"काका, तीन घोटा, लवकर!"

"मशीन चालू हाये," पोरगी म्हणे,
"बोलू नका."

मी बोललो नाई.